पाण्यात उभी राणी

त्यांनी आबांच्या अंगावर शाल टाकली तेव्हा गज अजून तारेवर होता. मी पहिल्या रांगेत बसले होते, म्हणून मला नीट दिसलं. शाल खांद्यावरून घसरून वाद्यावर आली, गजाची घुंगरं तिच्यात गुंतली आणि दाराच्या फटीत मांजर सापडावं तसा आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या नेमक्या कशाला होत्या, ते मला अजून कळलेलं नाही.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. ते किंगरी वाजवतात. वेळूची काठी, तिच्या बुडाशी कातडं मढवलेली करवंटी, घोड्याच्या शेपटीच्या केसांची तार आणि तसल्याच केसांचा गज, एवढंच ते वाद्य. गजालाच घुंगरं बांधलेली असतात, त्यामुळे ताल धरायला दुसरं कोणी लागत नाही. वाजवणारा तीच सुरावट गळ्यातून काढत कथा सांगतो.

किंगरी आमच्या घराण्यातली नाही. आमचे लोक गंगापूरकडचे, मेंढ्या राखणारे. रझाकारांच्या धामधुमीत एक म्हातारा किंगरीवाला पळत पळत आमच्या पणजोबांच्या मेंढ्यांत येऊन लपला. पुढे पोलीस ॲक्शन झाली, पळालेले सगळे आपापल्या गावी परतले, पण त्याला परतायला गावच नव्हतं. तो कळपाबरोबरच राहिला, बरीच वर्षं. आबा तेव्हा लहान होते. मेंढ्यांमागे चालता चालता त्यांनी त्याच्याकडून किंगरी उचलली.

म्हाताऱ्याने त्यांना वाजवणं शिकवलं आणि एक नेम घालून दिला. कथेतलं माणूस उभं ठेवून उठायचं नाही. कथा अर्धी ठेवली तरी चालेल, पण त्याआधी त्या माणसाला कुठेतरी टेकवायचं. झाडाखाली बसवायचं, पाणी द्यायचं, पाठीवर ओझं असेल तर उतरवायचं. मगच गज खाली ठेवायचा. आणि कधी चुकून माणूस उभं राहिलंच, तर ज्या जागी कथा मोडली त्याच जागी परत जाऊन ती जुळवायची. तोवर तार उतरवायची नाही. एरवी वाजवून झालं की खुंटी सैल करतात, नाहीतर कातडं ओढलं जातं.

हा नेम ऐकून मला लहानपणी हसू यायचं. आता येत नाही.

आबा रेडिओवर गेले ते याच नेमाच्या जोरावर, असं मला वाटतं. शहरातल्या रेडिओवर संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम असायचा. त्यात बाजारभाव, कपाशीवरची अळी, शेळ्यांची लस हे सगळं दोन माणसं गप्पा मारत सांगायची, आणि आबा त्यांतले एक. अधिकारी आले की आबा त्यांना मुद्दाम अडाणी प्रश्न विचारायचे. शेवटी जो वेळ उरेल तो किंगरीचा. एखाद्या दिवशी दहा मिनिटं उरायची, एखाद्या दिवशी चारच. आबा काचेपलीकडे बसलेल्या माणसाकडे बघायचे, तो बोटं दाखवायचा, आणि तेवढ्या बोटांत आबा कथेतलं माणूस चालवून, दमवून, बरोबर बसवायचे. पंचवीसहून जास्त वर्षं. एकदाही माणूस उभं राहिलं नाही.

सुरुवातीला म्हणे तिथल्या ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी सांगितलं होतं, घुंगरं माइकमध्ये फार येतात, काढून ठेवा. आबा म्हणाले, "मग मला बी बाहेरच बसवा." ध्वनिमुद्रणवाले हसले आणि त्यांनी माइक दोन हात लांब सरकवला. झालं. सरकारी माणसं होती, घाईची होती, पण त्यांनी ऐकून घेतलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते लोककलेवर प्रेम करणारे लोक होते.

आबांना पोस्टकार्डं यायची. मामाने ती एका पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत. एकात लिहिलंय, राणीला चार दिस झाले वडाखाली बसवून, थंडी पडलीया, काही पांघरूण द्या. आबांनी पुढच्या भागात राणीला वाकळ दिली.

मी इंग्रजी शाळेत शिकले. आजोबा काय करतात असं शाळेत विचारलं तर मी रेडिओ म्हणायचे. किंगरी म्हणायचे नाही. कोणी चिडवलं असतं अशातला भाग नाही, कोणाला माहीतच नव्हती ती. पण सांगितलं असतं तर समजावून सांगावं लागलं असतं, आणि मला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. अजूनही पडतो. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

गेल्या वर्षी एका समितीच्या कार्यवाहांचा फोन आला. ज्येष्ठ लोककलावंतांचा सत्कार करायचा आहे, आबांना बोलवायचं आहे. मामाने माझा नंबर दिला, कारण घरात ईमेल बघणारी मी.

"मॅडम, तुम्ही इंग्लिश मीडियमच्या ना?" कार्यवाह म्हणाले. "मग आबांचा परिचय इंग्लिशमध्येही द्या. बाहेरचे पाहुणे आहेत. आणि जरा मातीतलं वाटलं पाहिजे बरं का!"

मी विचारलं, वाजवायला किती वेळ मिळेल? बारा मिनिटं तरी लागतील.

"हो हो, वाजवायचंच आहे! त्यासाठीच तर बोलावतोय!"

मी आबांना सांगितलं, बारा मिनिटं. आबा खूश झाले. तोपर्यंत त्यांची ऐंशी उलटली होती, डाव्या हाताची दोन बोटं नीट वळत नव्हती. गावाकडे आता कोणी बसून ऐकत नाही. माणसांनी भरलेल्या जागेत एक कथा पुरी वाजवायची, मग हात गेला तरी चालंल, असं ते आईला म्हणाले होते. त्यांनी राणीची कथा निवडली. राज्यातून हाकललेली राणी तान्हं पोर घेऊन निघते, वाटेत नदीला पूर असतो, नाव नसते, ती पाण्यात उतरते आणि शेवटी पार होते. रोज सकाळी मुकुंदवाडीत मामाच्या गच्चीवर ते बसायचे आणि मी मोबाइलवर वेळ लावायचे. पंधरा मिनिटांवरून त्यांनी ती बाराला आणली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर कार्यक्रमपत्रिका आली. दीपप्रज्वलन दहा मिनिटं, पाहुण्यांचा परिचय पंधरा मिनिटं, अध्यक्षीय भाषण तीस मिनिटं. त्यात एका ओळीत, लोकवाद्य झलक, तीन मिनिटं.

झलक. मी तो शब्द कितीतरी वेळ बघत राहिले. फोन करायला हवा होता. नंबर काढला, मनात वाक्यं जुळवली, आणि फोन खाली ठेवला. वाटलं, छापायला काहीतरी छापलं असेल. वाटलं, एकदा वाजवायला लागले की कोण थांबवेल? म्हाताऱ्या माणसाला वाजवताना कोण थांबवतं?

संध्याकाळी आबांनी विचारलं, "कागद आला व्हय? किती येळ लिवलाय?"

"बारा मिनिटं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. दीपप्रज्वलनाला वीस मिनिटं लागली, कारण फोटोग्राफरला वात नीट दिसत नव्हती. पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांच्या आईवडिलांचा परिचय, पाहुण्यांच्या पुस्तकांचा परिचय. कार्यवाहच सूत्रसंचालन करत होते. काळी आई, घामाची फुलं, मातीचा सुगंध असं ते बोलत होते. त्यांच्या पायांत पांढरे बूट होते आणि स्टेजवर धूळ नको म्हणून त्यांनी आबांना चपला विंगेत काढायला लावल्या होत्या.

आबांनी गजाला राळ लावली, तार जुळवली आणि सुरू केलं. राणी निघाली. मागच्या रांगांतले आवाज हळूहळू बसले. मी पाहत होते, एक बाई पर्समधलं काहीतरी शोधत होती, तिचा हात पर्समध्येच राहिला. राणी नदीपाशी आली. पोराला डोक्यावर घेतलं. पाण्यात पाय टाकला. पाणी गुडघ्याला लागलं, मांड्यांना लागलं, कमरेला लागलं.

आणि कार्यवाह टाळ्या वाजवत स्टेजवर आले.

"वा! वा! जोरदार टाळ्या! ही आहे आपली माती!" मागे कीबोर्डवाल्याने ढोलकीचा ठेका सुरू केला. अध्यक्ष शाल घेऊन पुढे आले, आणि मग ते झालं जे मी सुरुवातीला लिहिलं.

आबांना आधी कळलंच नाही. त्यांनी शालीखालून गज सोडवायचा प्रयत्न केला. मग माइककडे वाकून म्हणाले, "राणी पान्यात हाये अजून."

लोक हसले.

सगळे नाही हसले, पण पुष्कळ हसले. प्रेमाने हसले, असं मला नंतर दोघातिघांनी सांगितलं. मला त्या प्रेमाची चीड आहे. एक माणूस तुम्हाला सांगतोय की बाई बुडते आहे, आणि तुम्हाला तो गोड वाटतो.

"आबा, राणीला आपण नंतर काढू!" कार्यवाह म्हणाले. "आधी पाहुण्यांना काढू या, त्यांची गाडी आहे!" पुन्हा हशा. "जरा ते वाद्य वर धरा. अजून वर. हां, इकडे बघा."

फोटो निघाला. त्यात आबा किंगरी छातीपाशी धरून उभे आहेत आणि कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. ते पहिल्या रांगेत माझ्याकडे बघतायत. मी उठले नाही. अध्यक्षांनी नंतर पस्तीस मिनिटं भाषण केलं, लोककलावंत उपेक्षित का राहतो या विषयावर.

घरी आल्यावर आबांनी किंगरी भिंतीला टेकवून ठेवली, तार उतरवली नाही. मामा म्हणाला, "बा, तार सोडा की. कातडं फाटंल."

"नाय."

"मग इथंच पुरी करा. मी ऐकतो, पोरगी ऐकती. आम्ही काय मानसं न्हाई का?"

"जितं मोडली तितंच जुळंल."

"आता काय हाल परत भाड्यानं घ्यायचा का?" मामाने आईकडे बघून कपाळाला हात लावला. "लई झालं यांचं."

मला मामाचाही राग आला, पण खरं सांगायचं तर मामा निदान ऐकायला तयार होता. मी कार्यवाहांना इंग्रजीत लांबलचक ईमेल लिहिला. त्यात ज्येष्ठ माणसाचा सन्मान, कलेची अखंडता, असं बरंच होतं. मराठीत मला इतकं धीटपणे भांडता आलं नसतं. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यात नमस्काराचे दोन हात होते, आणि सत्काराच्या क्लिपची लिंक होती. क्लिपला नाव दिलं होतं, आबांचा भन्नाट किस्सा. राणी पान्यात हाये अजून, तिथूनच सुरुवात, मग हशा, मग शाल. त्याआधीची किंगरी कापून टाकली होती.

आबांनी ती पाहिली नाही. मी पाहू दिली नाही. ते जेवत होते, बोलत होते, पण मधूनच भिंतीकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी कातड्याच्या कडेला एक बारीक चीर दिसली. मी ऑफिसला सुट्टी टाकली आणि म्हणाले, "आबा, चला."

"कुटं?"

"हॉलवर."

ते एका मिनिटात तयार झाले. किंगरी धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि आम्ही शेअर रिक्षाने निघालो.

हॉलमध्ये चादरींचा सेल लागला होता. जिथे खुर्च्या होत्या तिथे टेबलं, टेबलांवर ढीग, ढिगांवर वाकलेल्या बायका. स्टेजवर खोक्यांची भिंत. दारातल्या वॉचमनने आबांना ओळखलं.

"अरे चाचा! फिर कायकू आए? परोगराम तो हो गया ना?"

"आधा हुआ," आबा म्हणाले. "बाकी का आज है."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो बाजूला झाला. स्टेजच्या पायऱ्या चढताना आबांनी सवयीने चपला काढल्या. खोक्यांच्या मधे त्यांनी जागा शोधली, इकडे तिकडे बघून अंदाज घेतला, मग एक खोकं पायाने सरकवलं आणि बरोबर त्या दिवशीच्या जागी बसले.

खाली एक माणूस माइकवर ओरडत होता. तीनवर एक फ्री, ताई या, दादा या. आबांनी गज टेकवला. काही ऐकू येईना. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडेच, त्या दिवशीसारखं.

मी त्या माणसापाशी गेले. काय बोलायचं ते जुळवलं नव्हतं. "माइक बंद करा," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला, जरा फाटलेला. "ते वाजवणार आहेत. संपेपर्यंत बंद ठेवा."

"ओ मॅडम, धंद्याचा टाइम आहे. बुकिंग आमचं आहे."

"बुकिंग तुमचंच आहे. तरी बंद करा."

तो काही बोलणार होता, पण एक बाई, हातात निळी चादर धरलेली, म्हणाली, "कर की रं बंद. सकाळपासून कान उठवलेत तुझ्या फुकटच्या चादरीनं." दोघीतिघी हसल्या. त्याने बटण दाबलं.

आबांनी सुरुवातीपासून सुरू केलं नाही. थेट कमरेएवढ्या पाण्यातून उचललं, जणू मधे तीन दिवस गेलेच नव्हते. गळा बसलेला होता, डाव्या बोटांतून सूर दोनदा निसटला. पाणी छातीला लागलं, गळ्याला लागलं. पलीकडच्या काठावर एक मेंढक्या असतो, तो खांद्यावरची घोंगडी पिळून तिचं एक टोक पाण्यात फेकतो. राणी टोक धरते. तो ओढतो, घसरतो, परत ओढतो. हा मेंढक्या आबांनी आमच्या लोकांतून आणून घातलाय, म्हाताऱ्याच्या मूळ कथेत तो नाही, हे मला नंतर आईने सांगितलं. राणी काठाला लागली. आबांनी तिला दगडावर बसवलं. पदर पिळायला लावला. मग गज थांबला.

"आन् पोरगं?" निळ्या चादरीच्या बाईने खालून विचारलं. "पोरगं जगलं का नाय?"

आबा विसरले होते बहुतेक. त्यांनी घाईने गज पुन्हा उचलला, एकच छोटा झटका दिला, घुंगरं वाजली. "शिंकलं बगा," ते म्हणाले. "जगलं."

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि चादरीची शिवण तपासू लागली.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. आबांनी खुंटी फिरवून तार उतरवली, चिरेवरून बोट फिरवलं आणि किंगरी फडक्यात बांधली. खाली माइक परत सुरू झाला. मला इतकं हलकं वाटत होतं की बाहेर रिक्षाची वाट बघताना मी बोलून टाकलं. मला वाटलं, आता सांगितलं तर चालेल.

"आबा, त्या कागदावर तीन मिनिटंच लिहिली होती. मला आदल्या दिवशी कळलं होतं. मी तुम्हाला बारा सांगितली."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "काहून?"

"मला वाटलं, थांबवणार नाहीत."

"तसं न्हाई. मला काहून सांगितलं न्हाईस?"

मी रिक्षा येतेय का ते बघायला लागले.

"तीन म्हनली असतीस तर तिनात बसवली असती की मी तिला." त्यांचा आवाज चढला. पानटपरीवरची माणसं बघायला लागली. "नदीवर नेलीच नसती. अलीकडंच झाडाखाली बसवली असती. दोन मिन्टं म्हनली असतीस, दोनात बसवली असती. जलमभर दुसरं केलं काय मी? त्या पांढऱ्या बुटवाल्याला काय म्हाईत? त्याचं सोड. तुला म्हाईत होतं ना?"

"हो."

"तीन दिस पान्यात ठिवली तिला. लेकरू डोक्यावर घेऊन."

रिक्षा आली. मागच्या सीटवर दोघांची जागा होती. आबा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, दांड्याला धरून, अर्धे बाहेर बसले. किंगरी त्यांनी मला धरायला दिली नाही.